निवृत्तीनंतरची बढती

फौजेत बढती मिळवायची तर कॅडर कोर्स करावा लागतो, नकाशा वाचता यावा लागतो, वरच्या साहेबाचा शेरा बरा यावा लागतो. वरूडात यातलं काहीच लागत नाही. निवृत्त होऊन एस.टी. स्टँडवर ट्रंकेसकट उतरलं की पुरे. उतरताना शिपाई असलेला माणूस घरी पोचेपर्यंत 'फौजी' होतो, पहिली दिवाळी उलटली की 'सुभेदार', आणि मिशा पांढऱ्या झाल्या की 'मेजर'. तेरवीच्या फ्लेक्सवर तर दुसरा हुद्दाच चालत नाही. लान्सनायक असो, ड्रायव्हर असो, लंगरात पंचवीस वर्षं पोळ्या लाटलेला असो, वर जाताना सगळे मेजर होऊनच जातात.

इथे ज्या आबाजींची आठवण काढायची आहे ते कोण्या एका घरचे नाहीत. जरूड, बेनोडा, पुसला, राजुरा बाजार, शेंदुरजनाघाट, कुठल्याही गावात संत्र्याच्या बगीच्याला लागून असलेल्या घराच्या ओट्यावर असा एक बुढा बसलेला असे. काही ठिकाणी अजून बसलेला आहे. मिशी या घरची, काठी त्या घरची, असे मिळून सोयीसाठी आपण एकच आबाजी धरू. आणि गावाच्या शिरस्त्याप्रमाणे त्यांना मेजरही म्हणू.

आबाजींना जन्मतारखा दोन होत्या. एक मायची, एक सरकारची. मायच्या हिशेबात कॅलेंडर नव्हतं, आष्टी होती. १६ ऑगस्ट १९४२ ला, ऐन नागपंचमीला, शेजारच्या आष्टीत लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले, गोळीबार झाला, माणसं गेली. ज्या घरात पाटी नव्हती तिथे वय मोजायला याहून पक्की खूण कुठली असणार? आबाजी 'आष्टीच्या मांगून चवथ्या पानकायातले', म्हणजे १९४६ चे. शाळेतल्या गुरुजींनी, महाराष्ट्रातल्या तमाम गुरुजींप्रमाणे, जूनच्या आसपासची एक सोयीची तारीख टाकली: १ जुलै. साल मात्र आबाजींनी स्वतः दुरुस्त केलं.

त्याचं असं झालं. चीनशी १९६२ ची लढाई झाली आणि फौज वाढवायचं ठरलं. जोरात भरती निघाली. १९६३ मध्ये हा पोट्टा घरी न सांगता नरखेडला गेला आणि नागपूरच्या गाडीत बसला. वरूडला तेव्हा रेल्वे नव्हती. आता आहे, आणि स्टेशनाचं नावही 'वरूड ऑरेंज सिटी' असं भारदस्त आहे. पण त्या काळात वरूडातून पळून जायचं तर आधी नरखेडपर्यंत पळावं लागे. भरतीच्या साहेबानं वय विचारलं. सतरावं चालू होतं. आबाजींनी १९ सांगितलं. साहेबानं उंची पाहिली, छाती फुगवून मोजली, ओठावर मिशीचा केसही नाही हे पाहिलं, आणि १ जुलै १९४४ लिहून घेतलं. देशाला माणसं पाहिजे होती. मिशी नंतर आली असती.

त्या दोन वर्षांवर आबाजींना पुढे जे व्याज मिळालं, तसं वरूडातल्या कुठल्याही सोसायटीनं कुणाला दिलेलं नाही. पण ते ओघानं येईल.

आबाजी आर्मी सर्व्हिस कोरमध्ये ड्रायव्हर झाले. हा कोर फौजेला शिधा आणि इंधन पोचवतो. १९६५ आणि १९७१, दोन्ही लढायांत आबाजींनी कणिक, डाळ, बटाटे आणि डिझेल वाहिलं. बंदूक होती, पण ती सीटमागे. नातवंडांना हे फार खटके.

"आबाजी, तुमी लढाईत किती लोयवले?"

"एक."

"कोन?"

"ट्रक. नाल्यात. पन मंग सीधा केला."

ड्रायव्हर म्हणजे काहीतरी कमी, असं मात्र कोणी समजू नये. अण्णा हजारेही लष्करात ट्रकच चालवत होते. १९६५ मध्ये खेमकरण भागात त्यांच्याभोवती सहकारी पडले, ते वाचले, आणि उरलेलं आयुष्य लोकांसाठी घालवायचं तिथेच मनात आलं असं ते सांगत आले. गावी आले, यादवबाबांच्या देवळात राहू लागले, राळेगणसिद्धीची दारू बंद केली, पाणी अडवलं. वर्दी आणि देऊळ एका माणसात किती गुण्यागोविंदानं नांदतात याचं महाराष्ट्रापुढचं ठळक उदाहरण तेच. फरक एवढाच की अण्णा ब्रह्मचारी, त्यामुळे शिस्त लावायला त्यांना अख्खं गाव घ्यावं लागलं. आबाजींना तीन लेकं, दोन लेकी, तीन सुना. त्यांचं घरच्या घरी भागलं.

नातवंडांची हौस आबाजींनी दुसऱ्या मार्गानं भागवली. त्यांच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतल्या एका दोस्तानं त्यांना नामदेव जाधवांची हकीगत सांगितली होती. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचा हा जवान. इटलीत सेनिओ नदीवर, ९ एप्रिल १९४५ ला, मशीनगनच्या माऱ्यात त्यानं जखमी साथीदारांना पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणलं. मग एकटा परत जाऊन शत्रूची ठाणी गप्प केली. हाताला गोळी लागून टॉमीगन सुटली तेव्हा हातबॉम्ब फेकले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आबाजी ही गोष्ट अशा तन्मयतेनं सांगत, मध्येच पाण्यात चालल्यासारखं धोतर असं वर धरत, की नातवंडांनी ती आबाजींचीच म्हणून शाळेत सांगितली. एका नातवानं प्रजासत्ताक दिनाच्या भाषणात टाळ्या घेतल्या. सेनिओची लढाई झाली तेव्हा आबाजी सरकारी तारखेप्रमाणे नऊ महिन्यांचे होते आणि मायच्या तारखेप्रमाणे अजून यायचे होते. पण त्यांनी पोरांचं भाषण कधी दुरुस्त केलं नाही. "नाव फौजेचं झालं ना," एवढंच म्हणाले.

आता भक्तीचं. आबाजी फौजेत गेले तेव्हा फारसे देवभोळे नव्हते. देवळात जायचे ते प्रसादाच्या वेळी. देव त्यांना फौजेनं दिला. पलटणीत पंडितजी हे रीतसर पद असतं, नायब सुभेदाराच्या दर्जाचं, वर्दीपट्ट्यासकट. आणि मंदिर परेड नावाची गोष्ट असते. परेड म्हणजे परेड: वेळेवर, आंघोळ करून, रांगेत. देवावर श्रद्धा असो नसो, गैरहजर राहिलात तर जाब द्यावा लागतो. सतरा वर्षं ही परेड केल्यावर आबाजींच्या मनात देव आणि कमांडिंग ऑफिसर यांच्यातली हद्द पुसट झाली. दोघंही क्वचित दिसतात, दोघांनाही सगळं कळतं, दोघांसमोर सबब सांगायची नसते.

१९८० साली ते परत आले आणि थेट गुरुदेव सेवा मंडळात दाखल झाले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. पण अमरावती जिल्ह्यात महाराज गेले असं कोणी फारसं धरत नाही. मोझरीचा गुरुकुंज, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, डोक्याला भगवी टोपी, हे सगळं आबाजींना पाहताक्षणी ओळखीचं वाटलं. ठरलेली वेळ होती, ठरलेली बैठक होती, गणवेश होता. टोपी तर ते बेरेटसारखीच घालत, उजव्या भुवईकडे झुकवून. मंडळातल्या जुन्या माणसांनी एक-दोनदा ती सरळ करून पाहिली आणि नाद सोडला.

महाराज १९६२ आणि १९६५ च्या युद्धांच्या वेळी जवानांना धीर द्यायला सीमेवर गेले होते, हे खरंच आहे. आबाजींचं म्हणणं, १९६५ मध्ये त्यांनी महाराजांची खंजिरी स्वतः ऐकली. कुठे, ते सांगताना दर वेळी जागा शेपन्नास मैल सरकत असे. मोठ्या लेकानं एकदा विचारलं, "बाबा, ट्रकचं इंजन चालू असल्यावर खंजिरी आयकू येते काय?" त्या रात्री लेकाला प्रार्थनेत पुढच्या रांगेत बसवण्यात आलं. आबाजींच्या घरची ती शिक्षाच होती.

ही घरची प्रार्थना हे एक प्रकरणच होतं. दिवेलागणीला आबाजी ओट्यावरून एकदा खाकरत. त्या खाकरण्यावर घर जमे: लेकं अंगणात, सुना उंबऱ्याच्या आत, नातवंडं उंचीप्रमाणे. गिनती होई. एखादा कमी भरला तर तो येईपर्यंत देवालाही थांबावं लागे. मग प्रार्थना, मग ग्रामगीतेतला थोडा भाग. ग्रामगीतेचे अध्याय एकेचाळीस. आबाजी रोज एक अध्याय वाचत असते तर पुस्तक दीड महिन्याच्या आत परत सुरू झालं असतं. पण ग्रामसफाईचा विषय आला की ते वाचन थांबवून अंगणाची पाहणी करत, त्यामुळे पुस्तक कधीच वेळेत पुरं झालं नाही. धाकटी सून माहेरी सांगे, "आमच्या घरी झाडू मारला नसला तं देवाचं नाव घेता येत नाई." तिला ती तक्रार वाटे. आबाजींना कळलं असतं तर त्यांनी ते वाक्य भिंतीवर रंगवून घेतलं असतं.

शेगावला गेले की मात्र आबाजींना रजा संपवून युनिटात रुजू झाल्यासारखं वाटे. गजानन महाराजांच्या संस्थानात रांग सरळ, फरशी स्वच्छ, सेवेकरी पांढऱ्या कपड्यात, कोणी ओरडत नाही, कोणी पैसे मागत नाही. दर्शन घेऊन बाहेर यायला इतर लोक घाई करत. आबाजी मध्येच बाजूला उभे राहून मागच्यांना पुढे सरकवायला लागत. शेवटी खऱ्या सेवेकऱ्याला हात जोडून सांगावं लागे, "माउली, आपण पुढं व्हा." महाराजांपुढे त्यांनी काय मागितलं हे कोणाला कळलं नाही. व्यवस्था पाहून मागायचं विसरत असावेत.

बगीच्याचं सांगायलाच पाहिजे, कारण वरूडात माणसाची ओळख शेवटी झाडांवरूनच होते. संत्र्याला डिंक्या होऊ नये म्हणून बुंध्याला बोर्डोमलम लावतात: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. जमिनीपासून साधारण मीटरभर. बाकीचे शेतकरी तो हात जाईल तसा फासतात. आबाजींनी काठीवर खूण करून घेतली होती. प्रत्येक झाडाला त्याच उंचीवर रेघ, आणि रेघेवर गेरूचा बोटभर पट्टा. कृषी खात्याचा माणूस एकदा बांधावर उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "मलमाचं समजलं आबाजी, पण वरचा गेरू कायले?" आबाजी म्हणाले, "इन्स्पेक्शनले." कामठीच्या छावणीतून गाडी नेलेल्या कोणालाही तो बगीचा ओळखता आला असता. बाग उक्ती घ्यायला येणारे व्यापारीसुद्धा तिथे जरा आवाज खाली घेऊन भाव पाडत.

आंबिया बहारासाठी झाडांचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. झाड सुकतं, पानं गळतात, आणि मग पाणी सोडलं की फुलावर येतं. आबाजींनी हे शास्त्र तिन्ही लेकांना लावलं. मॅट्रिकच्या वर्षी प्रत्येकाचं सिनेमाचं पाणी तोडलं. दोघं फुलले. मधल्याला ताण जास्त झाला. तो पुण्याला पळाला आणि दिवाळीला येतो.

यापुढचा विषय दुःखाचा आहे. माजी सैनिकाला कँटीनमधून रास्त भावात वस्तू मिळतात आणि दर महिन्याला रमचा कोटाही असतो. आबाजींनी कँटीनचा पुरेपूर फायदा घेतला. घरातला प्रत्येक पंखा, प्रत्येक कुकर, प्रत्येक सुटकेस पुलगावहून नाहीतर कामठीहून आलेली. दोन्ही जावयांना आहेरात रेझरचे डबे मिळाले. पण गळ्यात माळ, डोक्यावर भगवी टोपी. रमला त्यांनी शिवायचा प्रश्नच नव्हता. बरं, पीत नाहीत तर न पिवोत, उचलून तरी आणावी? तेही नाही. दर महिन्याला कोटा वाया जाई, तोही अर्ध्या गावाच्या डोळ्यांदेखत. अनेकांनी अनेक प्रकारे समजावलं. एकानं बैलाच्या खांद्याला चोळायला मागितली. एका जावयानं आयुर्वेदाचा दाखला दिला. ज्या माणसानं उभ्या हयातीत मंडळाची पायरी चढली नव्हती तो सलग आठवडाभर प्रार्थनेला आला आणि आठव्या दिवशी त्यानं हळूच विषय काढला. आबाजींनी त्याला पुढच्या रांगेत बसवलं.

नोकरी सतरा वर्षं आणि पेन्शन पंचेचाळीस. हे गणित सरकारला परवडतं की नाही याची चिंता सरकारनं करावी. आबाजींच्या घरी ते चांगलंच परवडे. गारपीट, कोळशी, फळगळ, व्यापाऱ्याचा भाव, यातलं काहीच पेन्शनला लागत नाही. समान हुद्दा समान पेन्शनचा आदेश नोव्हेंबर २०१५ मध्ये निघाला, १ जुलै २०१४ पासून लागू झाला, आणि त्या वर्षी 'एरियर' हा शब्द घरातल्या सगळ्यात लहान पोरालाही आला. पण खरी मौज पुढे होती. सहाव्या वेतन आयोगापासून नियम असा की पेन्शनर ऐंशी वर्षांचा झाला की मूळ पेन्शनवर २० टक्के जास्त, पंच्याऐंशीला ३०, नव्वदला ४०, पंचाण्णवला ५०, आणि शंभरीला १०० टक्के, म्हणजे थेट दुप्पट. हा नियम थोरल्या नातवानं मोबाइलवर मोठ्यानं वाचला तेव्हा स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

आणि इथे १९६३ ची ती थाप कामाला आली. मायच्या हिशेबानं ७८ वर्षांचे असलेले आबाजी जुलै २०२४ मध्ये सरकारच्या हिशेबानं ऐंशीचे झाले. त्या महिन्यापासून त्यांच्या दुधावर साय आली. नातवानं २०४४ पर्यंतचा तक्ता करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. आबाजी शिंकले तरी तीन सुना बाहेर येत. खरं वय फक्त आजीला ठाऊक होतं, आणि ती ओट्यावर वाती वळता वळता म्हणे, "अठ्ठ्याहत्तरचा हाये बुढा. सरकारले टोपी घातली यानं."

पेन्शन चालू राहायला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. इतरांनी नोव्हेंबरात, ऐंशी उलटलेल्यांनी ऑक्टोबरपासून दिला तरी चालतो. आधी आबाजी बँकेत जाऊन काउंटरपुढे टाच जुळवून नंबर आणि नाव सांगत, आणि काउंटरवरचा पोरगा न कळत उभा राही. मग अंगठ्याचं यंत्र आलं. संत्र्याच्या काट्यांनी आणि मोरचुदानं आबाजींच्या अंगठ्यावर रेषाच ठेवली नव्हती. यंत्राच्या मते ते नव्हतेच. शेवटी चेहरा ओळखणारं ॲप मोबाइलवर घेतलं. नातवानं त्यांना अंगणात खुर्चीवर बसवलं. फोटो काढायचा म्हणताच आबाजी उठून उभे राहिले, छाती पुढे, हनुवटी वर, नजर समोरच्या लिंबाच्या शेंड्यावर.

"आबाजी, इकडे पाहा. आन् डोळे मिचकवा."

काही हललं नाही.

"आबाजी, पापनी लवू द्या ना. हे मशीन जिता मानूस कसा ओयखते? पापनी लवली का नाई त्याच्यावरून."

"सावधानमधी पापनी लवत नसते," ओठ न हलवता आबाजी म्हणाले.

ॲपनं दोनदा नकार दिला. नातवानं जागा बदलली, ऊन पाठीमागे घेतलं, चष्मा काढला. तिसऱ्या खेपेला आबाजींच्या डोळ्यांत पाणी तरळलं, पण पापणी जागची हलली नाही. लेकानं समजावलं, सुनेनं समजावलं. बोर्डापुढे मुलाखत द्यावी तशा करारी चेहऱ्यानं आबाजी उभेच. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आजीचा आवाज आला, "विश्राम!"

आबाजींचा डावा पाय बाजूला पडला, खांदे सैल झाले, आणि दोन्ही पापण्या लवल्या. मोबाइलवर हिरवी खूण उमटली. साठ वर्षं घरात हुकूम कोण देतं याबद्दल गावाचा जो गैरसमज होता तो त्या दिवशी निदान घरापुरता तरी मिटला.

पुढच्या वर्षीचा दाखलाही त्यांनी ऑक्टोबरातच दिला. नोव्हेंबरात, आंबियाची तोड चालू असताना, दुपारच्या झोपेत गेले. मधला पुण्याहून आला आणि सगळ्यात जास्त तोच रडला. तेरवीला मंडळाची भगव्या टोप्यांची माणसं खंजिरी घेऊन आली आणि माजी सैनिक पदकं लावून आले. दोघांनाही पुढच्या रांगेत बसायचं होतं. फ्लेक्सवर कोणता फोटो टाकायचा यावर लेकांचं एकमत होईना: थोरल्याला वर्दीतला काळा-पांढरा पाहिजे, धाकट्याला भगव्या टोपीतला. फ्लेक्सवाल्या पोरानं तंटा मिटवला. धड वर्दीचं घेतलं, डोकं टोपीचं लावलं, मागे तिरंगा टाकला आणि त्याच्याही मागे स्वतःच्या मनानं एक रणगाडा. खाली 'मेजर'. आबाजी जन्मात रणगाड्यात बसले नव्हते. त्यांनी रणगाड्यांना फक्त रस्ता दिला होता, तोही शिव्या देत.

चौदाव्या दिवशी थोरला लेक कागद घेऊन बसला. फॅमिली पेन्शन आजीच्या नावे करायची होती. नातू शेजारी मोबाइल घेऊन होता. ऐंशीनंतरची वाढ फॅमिली पेन्शनलाही लागते हे त्यानं आधीच पाहून ठेवलं होतं. आजीच्या आधारवर, तिच्या वयाच्या बहुतेक बायांच्या असते तशी, १ जानेवारी होती.

"माय, तुहं खरं साल कोनतं?"

आजीनं वात पुरी वळली, निरांजनात ठेवली.

"तुह्या बापानं दोन वाढवले होते ना? माहे चार लिहून दे."

"आधारवर असन तेच लिहा लागते माय. असं वाढवता येत नाई."

"मंग ते मशीन तं आन," आजी म्हणाली, "मी उगी उभी नाई राहत तुह्या बापासारखी. म्हन्शीन तेवढ्या डाव डोये मिचकवतो."